त्यो विषय येगळा

आमच्या अपार्टमेंटची वार्षिक सभा नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये भरली होती. गाड्या बाहेर काढून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दुपारी वळीव पडून गेला होता, त्यामुळं फरशी अजून ओलसर होती. लिफ्टची देखभाल, टाकीची साफसफाई असले विषय भराभर उरकले आणि मग गेटशेजारच्या टपरीचा विषय निघाला. तिथं एक मावशी सकाळी चहा-पोहे आणि संध्याकाळी कांदाभजी विकतात. टपरी फुटपाथवर आहे, फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो, सबब ती हटवण्यासाठी महापालिकेला पत्र द्यावं, असा ठराव होता. कारण सरळ होतं, कुणाला खोडता येण्यासारखं नव्हतं. हात वर व्हायला लागले तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची, नुकतीच बी.कॉम. झालेली मुलगी उठली. "काका, गाड्या चढवायचा आपला रॅम्पपण फुटपाथवरच हाय की. त्याचं काय करायचं मग?" तिच्या आवाजात भांडण नव्हतं, खरंच विचारत होती. चेअरमन हसले, मान हलवली आणि म्हणाले, "बाळ, त्यो विषय येगळा." ठराव मंजूर झाला. सेक्रेटरींनी वहीत लिहिलं, सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.

वेगळा कसा, हे कुणीच सांगितलं नाही.

आणि गंमत नाही, दुःख याचं आहे की सांगता आलं असतं. तळमजल्यावरच्या आजी व्हीलचेअरवर असतात. त्या रॅम्पवरूनच त्यांना दवाखान्यात नेतात. पायरी केली तर त्यांचं बाहेर पडणं बंद होईल. हा फरक खरा आहे. त्यात वजन आहे. पण तो फरक बोलून दाखवला असता तर पुढचा प्रश्न आला असता, की व्हीलचेअरला एवढा रुंद रॅम्प कशाला लागतो? दोन गाड्या शेजारी शेजारी चढाव्यात म्हणून तो निम्मा फुटपाथ खातो, त्याचं काय? आणि चालणाऱ्यांची अडचण हेच जर कारण असेल तर टेप आणून मोजूया की, टपरीपुढून माणूस जातो का आणि रॅम्पवरून चालताना कुणाचा पाय मुरगळतो का. कारण एकदा उच्चारलं की ते आपल्या हातात राहत नाही. ते सगळीकडं हिंडायला लागतं आणि फिरून आपल्याच दारात येऊन उभं राहतं. बहुधा म्हणूनच ते उच्चारायचं टाळलं जातं.

मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत वाढले. पंचगंगा जवळ, तालीम त्याहून जवळ. माझा थोरला भाऊ पहाटे तालमीत जायचा आणि तो परतायच्या वेळेला आजी मागच्या सोप्यात कुंडी घेऊन बसलेली असायची. रात्री भिजत घातलेले बदाम सोलायचे, खसखस, बडीशेप, वेलदोडा, आणि मग घोटण्यानं एका लयीत घोटत राहायचं. तो आवाज ऐकून मला जाग यायची. म्हशीचं दूध गंगावेशीतल्या कट्ट्यावरून यायचं, तिथं म्हशी रस्त्याकडेलाच बांधलेल्या असतात आणि समोर धार काढून देतात. चरवीतल्या त्या दुधावर फेस असायचा आणि हाताला ते कोमट लागायचं. थंडाईचा तांब्या भावाचा. मला का नाही, असं विचारलं तर आजी सांगायची, "त्यो आखाड्यात उतरतोय. अंगात रग नको व्हय?" मला ते पटायचं. खरंच पटायचं. जो घाम गाळतो त्याला जास्त मिळावं यात मला अन्याय दिसत नव्हता.

पुढं मी शाळेकडून पळायला लागले. जिल्हा पातळीवर निवड झाली तेव्हा मी घरी येऊन आजीला तिचंच कारण परत दिलं. मीपण घाम गाळते, मलापण दे. आजी म्हणाली, "बदाम पोरीस्नी उष्ण पडत्यात." मी म्हटलं, मग नुसतं दूध दे तांब्याभर. तर म्हणाली, "तुला उद्या दुसऱ्याच्या घरी जायचंय, असल्या सवयी बऱ्या न्हाईत." एका सकाळीत तीन कारणं. पहिलं पडलं, दुसरं आलं. दुसरं पडलं, तिसरं आलं. तांब्या जागचा हलला नाही. त्या वयात मला याचं काही नाव माहीत नव्हतं, पण एवढं कळलं की कारणामुळं निर्णय झालेला नव्हता. निर्णय आधीच झालेला होता आणि कारणं त्याच्या सेवेला ठेवलेली होती. आजीचा माझ्यावर जीव नव्हता असं मुळीच नाही. माझी वेणी घालताना ती इतक्या मायेनं तेल जिरवायची की डोळे मिटायचे. आणि तिनं स्वतः त्या कुंडीतला एक घोट कधी घेतल्याचं मला आठवत नाही. तिला ज्या मापानं मिळालं त्याच मापानं ती देत होती. तिच्यावर राग धरावा तर माया आडवी येते, आणि माया धरून बसावं तर तो तांब्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्यानंतर मी विचारायचं बंद केलं.

विसंगतीनं सगळ्यात आधी काय मरत असेल तर हे, विचारणं. कारण दिलं तरी उपयोग नाही, समोरचा दुसरं काढणार, हे एकदा कळलं की माणूस कारणांच्या भानगडीत पडत नाही. तो ओळख काढायला लागतो. सरकारी कचेरीच्या जिन्यात उभं राहून पाहा, अर्जात काय लिहावं यापेक्षा साहेबांच्या गावचा कोण मिळेल याची चर्चा जास्त असते. लोक वाईट आहेत म्हणून हे होत नाही. नियम कसाही वाकतो हे ज्यानं पाहिलं तो नियम वाकवणाराच शोधणार. ज्याच्याकडं पैसा आहे, माणसं आहेत, त्याचं यात फार बिघडत नाही. ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्याकडं फक्त एवढंच असतं: "तुम्हीच तेव्हा असं म्हणाला होता." दुबळ्याच्या हातातलं हे एकमेव हत्यार आहे, आणि "त्यो विषय येगळा" म्हणून तेच काढून घेतलं जातं.

या गावात हे हत्यार कसं चाललं याची एक मोठी कथा आहे आणि ती आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहितानं वेदांतले मंत्र म्हणायला नकार दिला, ते सगळं पुन्हा सांगत नाही. मला त्यातली एक गोष्ट पुन्हापुन्हा बोलावते. 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक वेदोक्त, म्हणजे वेदांतल्या मंत्रांनी, झाला होता. 1899 साली त्याच घराण्याच्या कोल्हापूरच्या गादीवर बसलेल्या राजाला पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठीचे पुराणांतले, मंत्र चालतील असं सांगितलं गेलं. मग दोहोंतलं खरं कोणतं? तेव्हाचं खरं असेल तर आत्ताचं खोटं, आणि आत्ताचं खरं असेल तर तेव्हा दक्षिणा घेऊन काय केलं? हा प्रश्न बिनतोड होता आणि शाहू महाराजांनी तो सोडला नाही. पण हा झाला अर्धाच भाग. आपल्यावरचा अन्याय ओळखायला फार तर्क लागत नाही, तो अंगावर उठतो. "आम्ही क्षत्रिय, आम्हाला आमचा मान द्या" एवढ्यावर थांबता आलं असतं आणि त्या काळात त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले कितीतरी जण तेवढ्यावरच थांबले. जन्मावरून मला कमी लेखणं चूक असेल, तर जन्मावरून माझ्याखालच्याला मी कमी लेखणं कसं बरोबर, हा पुढचा प्रश्न कुणी त्यांना विचारत नव्हतं. तो त्यांना स्वतःलाच विचारावा लागला. महारांना सक्तीनं द्यावी लागणारी हजेरी 1918 साली बंद झाली. 1919 साली सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम निघाले. मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत महाराज तरुण आंबेडकरांच्या शेजारी येऊन उभे राहिले. ज्या गंगाराम कांबळेंना पाण्याला शिवले म्हणून मार खावा लागला होता, त्यांच्या भाऊसिंगजी रोडवरच्या हॉटेलात राजा गाडी थांबवून चहा पीत असे. एका युक्तिवादाच्या मागं माणूस किती लांब चालत जाऊ शकतो, अगदी तो युक्तिवाद स्वतःच्या सोयीच्या पार गेल्यावरही, याचं एवढं लख्ख उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी जागा राखून ठेवणारा शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा हुकूम मी जेव्हा नीट वाचला तेव्हा पन्नास टक्क्यांच्या आकड्यापेक्षा त्याच्या शेवटाकडं माझं लक्ष गेलं. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, याची व्याख्या त्यात दिलेली आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे. ज्या खात्यात यांचं प्रमाण निम्म्यापेक्षा कमी आहे तिथं पुढची नेमणूक या वर्गातून करायची. आणि त्यातच एक कोरडी, कारकुनी ओळ आहे, की केलेल्या सगळ्या नेमणुकांचं तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं सरकारला सादर करावं. बस. राजा होता, नुसतं मनात आणलं असतं तरी माणसं नेमता आली असती. पण मर्जीनं केलेलं चांगलं काम मर्जीबरोबरच संपतं. त्यानं फरक कशावर करायचा ते लिहिलं, का करायचा ते लिहिलं आणि तो पाळला जातोय का हे तीन महिन्यांनी मोजायची सोय लिहून ठेवली. विषय वेगळा आहे हे सांगायची रास्त रीत हीच, असं मला वाटतं. घोड्यांच्या पागेतली ती हरभऱ्याची गोष्ट, धडधाकट घोडे सगळं खाऊन टाकतात आणि अशक्त उपाशी राहतात ती, सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिमाही पत्रकाची ओळ कुणी सांगत नाही.

जवळपास हेच पुढं घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाबद्दल न्यायालयांनी सांगितलं. सगळ्यांना एकच वागणूक असा समतेचा अर्थ नाही, भेद करता येतो. पण भेद कशावर केला ते स्पष्ट दिसलं पाहिजे आणि ज्या हेतूसाठी केला त्या हेतूशी त्याचा संबंध लागला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचा अन्वर अली सरकार खटल्यातला निकाल 1952 चा, त्यात ही कसोटी मांडलेली आहे. 1974 साली न्यायमूर्ती भगवतींनी आणखी एक पाऊल टाकलं. समता आणि मनमानी यांचं हाडवैर आहे, एक प्रजासत्ताकातल्या कायद्याच्या राज्याची आणि दुसरी अनिर्बंध राजाच्या लहरीची, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं आहे. कोल्हापूरकर म्हणून हे वाचताना मला थोडं थांबायला होतं, कारण आमच्या इथं मनमानीविरुद्धचा पहिला मोठा कागद राजाच्याच सहीचा आहे.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली, त्यासाठी वकिलांनी कैक वर्षं लढा दिला होता. त्या भागातून जाताना काळे कोट घातलेली पोरं फायली सांभाळत रस्ता ओलांडताना दिसतात आणि मला त्या सभेतला चेअरमनांचं मान हलवणं आठवतं. कारण कोर्टातही "तो विषय वेगळा" म्हणता येतं, रोज म्हटलं जातं. वकील जुना निकाल पुढं ठेवतो, समोरचा सांगतो की तो इथं लागू पडत नाही. पण न्यायाधीशाला तेवढं म्हणून उठता येत नाही. कुठली वस्तुस्थिती निराळी आहे, ती निराळी असल्यानं निकाल का बदलतो, हे लिहावं लागतं आणि खाली सही करावी लागते. आधीच्या निकालाशी पटतच नसेल तर तेवढ्याच न्यायाधीशांच्या खंडपीठाला तो झटकून टाकता येत नाही, प्रकरण मोठ्या खंडपीठाकडं पाठवावं लागतं. न्यायालयं चुकतात, उशीर करतात, हे मला दिसतं. तरी ती रीत मला मोलाची वाटते, कारण उद्या दुसरा कुणी तोच कागद घेऊन येईल आणि म्हणेल, साहेब, मग मलापण.

माझ्या एका मैत्रिणीला हे सगळं मी फोनवर सांगत होते तर ती वैतागली. "माणसं म्हणजे काय गणित आहे का गं? आणि लोकशाहीत बहुमत म्हणेल ते खरं. बहुमतानं टपरी हटवायची ठरवलं, विषय संपला." तिच्या म्हणण्याचा दुसरा भाग मला जास्त खुपला, कारण बहुमत म्हणजे एक शहाणा माणूस असल्यासारखं आपण बोलतो. समजा एखाद्या तालमीकडं थोडी शिल्लक आहे आणि तीन कामं आहेत. व्यायामाची साधनं, पोरांसाठी अभ्यासिका, नाहीतर सभागृहाचं गळकं छप्पर. तरुणांना आधी साधनं पाहिजेत, मग अभ्यासिका, छप्पर शेवटी. पालकांना आधी अभ्यासिका, मग छप्पर, साधनं शेवटी. म्हाताऱ्यांना आधी छप्पर, मग साधनं, अभ्यासिका शेवटी. तिन्ही गट सारखे मोठे आहेत आणि प्रत्येकाचं म्हणणं आपल्या जागी अगदी नीटस आहे. आता हात वर करा. साधनं की अभ्यासिका? तरुण आणि म्हातारे मिळून साधनं. अभ्यासिका की छप्पर? तरुण आणि पालक मिळून अभ्यासिका. म्हणजे साधनं छप्पराच्या वर असायला हवीत. पण छप्पर की साधनं विचारलं तर पालक आणि म्हातारे मिळून छप्पर! बहुमत गोल फिरलं. कुणीही लबाडी केलेली नाही, तरी. फ्रान्समधल्या काँदोर्से या गणितज्ञानं हे 1785 साली दाखवलं आणि 1951 साली केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानं सिद्ध केलं की तीन किंवा अधिक पर्याय असले तर लोकांच्या पसंतीक्रमांतून सगळ्यांचा मिळून एक क्रम लावताना काही अगदी साध्या, रास्त अटी एकदम पाळणारी पद्धत असूच शकत नाही. बाकीच्या अटी पाळून हमखास सुसंगती पाहिजेच असेल तर एकाच माणसाच्या पसंतीवर सगळं सोपवावं लागतं.

या तालमीच्या सभेत मग कोण जिंकेल? जो शेवटी मांडला जाईल तो. आधी साधनं आणि अभ्यासिका यांची जोडी लावून मग छप्पर आणलं तर छप्पर. आधी छप्पर आणि साधनं लावून मग अभ्यासिका आणली तर अभ्यासिका. म्हणजे कुठला विषय कधी पुकारायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात निकाल. ज्यानं कधी गल्लीतल्या मंडळाची सभा पाहिली आहे त्याला हे काँदोर्सेशिवायही माहीत असेल. मला यातून निराशा येत नाही, उलट कुठं पाहायचं ते कळतं. सगळ्या गावाचं मन एका माणसाच्या मनासारखं सुसंगत असावं ही मागणीच करता येणार नाही. मागायचं ते एवढंच की सभेचा क्रम आधी ठरवा आणि सोयीनं बदलू नका, आणि जे कारण दिलंत ते पुढच्या वेळीही कारणच राहू द्या.

पहिल्या भागाबद्दल, माणसं म्हणजे गणित नव्हेत याबद्दल, मैत्रीण बरोबर आहे. सगळ्यांना सारखं चिरडणं हीदेखील सुसंगतीच. चेअरमन उद्या म्हणाले असते की ठीक आहे, रॅम्पपण फोडू आणि टपरीपण हलवू, तर तर्क जुळला असता, मावशींची चूल विझली असती आणि तळमजल्यावरच्या आजी घरात अडकल्या असत्या. जातीची उतरंडही कुणी अगदी काटेकोर पाळू शकतो. म्हणून नुसत्या जुळण्यावर माझी भिस्त नाही. पण मी जेवढे अन्याय जवळून पाहिले ते काटेकोर कधीच नव्हते. त्यांना बलवानासाठी कुठंतरी फट ठेवावीच लागली. ती फट दाखवता आली की निदान बोलायला जागा होते. दयेलाही मला कारण असावंसं वाटतं. मावशींना जागा द्यायची तर त्या गोड बोलतात म्हणून नको. त्यांच्या कडेनं माणूस आरामात जातो म्हणून द्यावी, म्हणजे कोपऱ्यावरच्या, कुणाशी न बोलणाऱ्या पंक्चरवाल्यालाही ती मिळेल.

पावसाळा आला की या गावातला प्रत्येक माणूस पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. बंगलेवाला आणि झोपडीवाला दोघंही तोच आकडा पाहून सामान माळ्यावर टाकतात आणि त्या आकड्यावर कुणी वाद घालत नाही, कारण तो कुणाचं तोंड पाहून ठरत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर मात्र वाद आहे तो पूररेषांचा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नाही. नियम चांगला आहे, नदीला जागा पाहिजेच. पण दर उन्हाळ्यात लोक भरावाचे डंपर बघतात आणि त्याच रेषेत कुणाला मागची एक खोली वाढवायला नकार मिळाल्याचं ऐकतात. कदाचित त्या दोन प्रकरणांत खरोखर फरक असेल. एखादी जुनी मंजुरी असेल, मोजणीत रेषा बाहेरून जात असेल. असेल तर तो सांगितला पाहिजे. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात, कलम 4 मध्ये, हे लिहिलेलंच आहे, की प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याच्यावर त्याचा परिणाम होतो त्याला द्यायची. मागितल्यावर द्यायची असं त्यात नाही, आपणहून द्यायची. तर मग निळ्या रेषेच्या आत दिलेल्या आणि नाकारलेल्या परवानग्यांची यादी, प्रत्येकीपुढं एका ओळीत कारण लिहून, दर तीन महिन्यांनी वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावायला काय हरकत आहे? 1902 साली या संस्थानात प्रत्येक खात्याकडून तिमाही पत्रक मागवलं जात होतं, तेही हातानं लिहून. आता तर प्रत्येक टेबलावर संगणक आहे.